विश्लेषण : पूलमध्ये नवख्या खेळाडूला किती ‘हँडिकॅप’ द्यावा? बरोबरीचा सामना ठरतो कसा?

अनेक पूल पार्लरमध्ये एक अलिखित नियम चालतो. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे. दोघे तोडीस तोड असतील तर महिनाअखेरीस हिशेब साधारण बरोबरीत सुटतो. पण एक मुरलेला आणि दुसरा नुकताच क्यू धरायला शिकलेला असेल, तर पैसे दर वेळी एकाच्याच खिशातून जातात. तीन-चार शनिवारांनंतर नवखा येईनासा होतो आणि मुरलेल्याला खेळायला कुणी उरत नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे हँडिकॅप. अमेरिकेतील हौशी पूल लीग तर त्यावरच उभ्या आहेत. या पद्धतीत गणित किती, अंदाज किती आणि लबाडीला वाव किती, याचा हा आढावा.

हँडिकॅप म्हणजे नेमके काय?

ताकदीत फरक असलेल्या दोघांना जिंकण्याची जवळपास सारखी संधी मिळावी, म्हणून आधीच ठरवून दिलेली सवलत म्हणजे हँडिकॅप. इंग्रजीतील हा शब्द टोपीत हात घालून खेळल्या जाणाऱ्या अदलाबदलीच्या एका जुन्या खेळावरून आला. पुढे तो घोडय़ांच्या शर्यतीत रुळला. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरही हँडिकॅप शर्यतीत वरचढ घोडय़ाच्या पाठीवर जास्त वजन असते, ते याच तत्त्वाने.

मराठी मुलांच्या खेळातले ‘कच्चं लिंबू’ सर्वाना ठाऊक आहे. पण दोहोंत मोठा फरक आहे. कच्च्या लिंबाला खेळात घेतात, मात्र त्याचे बाद होणे मोजत नाहीत. हँडिकॅपमध्ये नवख्याची हार आणि जीत दोन्ही मोजली जातात. तो जिंकला तर खरोखर जिंकतो, आणि टेबलाचे पैसे समोरच्याला द्यावे लागतात.

पूलमध्ये सवलत कोणकोणत्या प्रकारे दिली जाते?

पहिला प्रकार डावांचा. ‘आधी ७ डाव जिंकेल तो विजेता’ असा सामना ठरला, तर मुरलेल्याने ७ जिंकायचे आणि नवख्याने ४, असे आधीच ठरवतात. सर्वात सोपा आणि मोजायला स्वच्छ प्रकार हाच.

दुसरा प्रकार बॉलचा. नाइन-बॉलमध्ये टेबलावरील सर्वात लहान क्रमांकाच्या बॉलला आधी स्पर्श करावा लागतो आणि ९ क्रमांकाचा बॉल नियमानुसार पॉकेटमध्ये टाकणारा डाव जिंकतो. नवख्याला ‘८ चा बॉल दिला’ म्हणजे त्याने ८ किंवा ९ यांपैकी कोणताही टाकला तरी डाव त्याचा. मुरलेल्याला मात्र ९ चाच टाकावा लागतो.

तिसरा प्रकार ब्रेकचा, म्हणजे प्रत्येक डावाची सुरुवात नवख्याने करायची. ही सवलत दिसते तेवढी मोठी नसते. ज्याला ब्रेकनंतर दोन-तीन बॉलही सलग टाकता येत नाहीत, तो टेबल मोकळे करून समोरच्यालाच संधी देतो.

स्नूकर आणि बिलियर्ड्समध्ये गुणांची आघाडी देतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे प्रख्यात बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स ज्युनिअर प्रतिस्पर्ध्याला हजारो गुणांची आघाडी देऊन खेळत. सामना एकतर्फी होणार हे दिसले, तर तिकीट काढून कोण येणार, हा त्यामागचा व्यवहार.

सामना लांबला तर फायदा कुणाचा?

मुरलेल्याचा. समजा, दोघांतील तीन डावांपैकी सरासरी दोन मुरलेला जिंकतो. मग एकाच डावाचा सामना असेल, तर नवख्याला जिंकण्याची संधी ३३ टक्के. पण आधी ७ डाव जिंकायचे असतील, तर तीच संधी सुमारे १० टक्क्यांवर येते. नवख्याचा खेळ तोच आणि समोरचाही तोच, फक्त सामना लांबला.

कारण साधे आहे. एखाद्या डावात नशिबाने बॉल पडतो किंवा समोरच्याचा पांढरा बॉल पॉकेटमध्ये जातो. डाव वाढत जातात तसा नशिबाचा वाटा कमी होतो आणि कौशल्य वर येते. म्हणून सामना किती डावांचा हे ठरवल्याशिवाय ‘किती सवलत’ या प्रश्नाला अर्थ नाही.

मग किती सवलत योग्य?

वरच्याच जोडीत मुरलेल्याने ७ आणि नवख्याने ४ डाव जिंकायचे ठरले, तर गणिताने संधी साधारण ५६ विरुद्ध ४४ टक्के येते. नवख्याला आणखी एक डाव सोडला, म्हणजे ७ विरुद्ध ३ केले, की पारडे उलटते आणि नवख्याची संधी ६२ टक्के होते. एका डावाने एवढा फरक पडतो.

मुरलेला पाचपैकी तीन डाव जिंकत असेल, तर ७ विरुद्ध ५ ही जोडी जमते. तेथे संधी ५३ विरुद्ध ४७ टक्के. तो चारपैकी तीन जिंकत असेल, तर ७ विरुद्ध ३ लावूनही संधी ६० विरुद्ध ४० राहते, पण ७ विरुद्ध २ केले तर नवखाच वरचढ ठरतो. प्रत्येक डावात दोघांची ताकद सारखीच राहते, असे हे हिशेब गृहीत धरतात.

या तिन्ही जोडय़ांमध्ये मुरलेल्याकडे थोडा कल उरतो. तो असावा, असे अनेकांना वाटते. वर्षांनुवर्षे केलेल्या सरावाला काहीच किंमत उरली नाही, तर सराव कोण करील?

अमेरिकेतील लीगमध्ये हे कसे ठरवतात?

टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक पूलपटूंनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या लीगमधून आजची ‘अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन’ उभी राहिली. तिच्या हँडिकॅप पद्धतीचे नाव ‘इक्वलायझर’. एट-बॉलमध्ये खेळाडूला २ ते ७ अशी कौशल्य पातळी मिळते. कुणी किती डाव जिंकायचे, हे तक्त्यावरून ठरते. पातळी ७ चा खेळाडू पातळी २ च्या समोर आला, तर पहिल्याला ७ आणि दुसऱ्याला २ डाव जिंकावे लागतात. ७ विरुद्ध ४ असेल तर ५ आणि २. दोघेही ४ असतील तर प्रत्येकी ३.

नाइन-बॉलमध्ये पातळी १ ते ९ असते आणि डावांऐवजी गुण मोजतात. १ ते ८ क्रमांकांच्या प्रत्येक बॉलला १ गुण, ९ च्या बॉलला २. पातळी १ च्या खेळाडूला सामना जिंकायला १४ गुण पुरतात, पातळी ९ च्या खेळाडूला ७५ लागतात.

संघावरही मर्यादा आहे. एट-बॉलमध्ये एका लढतीत उतरणाऱ्या पाच खेळाडूंच्या पातळ्यांची बेरीज २३ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे ७, ६, ४, ३, ३ असा संघ बसतो, पाचही दादा खेळाडूंचा बसत नाही. त्यामुळे प्रत्येक संघाला नवख्यांची गरज भासते आणि त्यांना शिकवावेही लागते.

‘फार्गो रेट’ काय आहे?

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो शहरावरून नाव पडलेली ही क्रमवारी पद्धत. तिचे मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. फार्गो रेटमध्ये तीच कल्पना पूलला लावली आहे. दोघांच्या गुणांकनात १०० चा फरक असेल, तर वरचढ खेळाडू सरासरी दोन डाव जिंकेल तेव्हा दुसरा एक जिंकेल. २०० चा फरक असेल तर हे प्रमाण चारास एक. समोर कोण होता आणि किती डाव झाले, हे धरून गुणांकन होते. त्यामुळे कमकुवत प्रतिस्पर्ध्याला हरवून आकडा फुगत नाही.

मुद्दाम वाईट खेळून सवलत लाटली तर?

हँडिकॅपचे सर्वात मोठे दुखणे हेच. साध्या सामन्यांत सोपे बॉल सोडायचे, पातळी खाली ठेवायची आणि बक्षिसाच्या सामन्यात खरा खेळ काढायचा. यात समोरचा दोनदा फसतो. तो सामना गमावतो आणि आपण प्रामाणिक सवलत दिली, हा त्याचा विश्वासही.

म्हणून लीगमध्ये नुसती हार-जीत नोंदवत नाहीत. डाव जिंकायला किती पाळ्या लागल्या, हेही गुणलेखक लिहितो. बॉल टाकण्याचा हेतूच नसलेले बचावात्मक फटके वेगळे मोजले जातात. त्यामुळे मुद्दाम चुकवलेला फटका खराब खेळ म्हणून खपवणे अवघड होते. तरीही नोंद करणारा माणूसच असतो. वहीत खरे लिहिले जाते तेवढीच ही पद्धत खरी राहते.

या पद्धतीवर आक्षेप काय?

सुधारणेची शिक्षा होते, हा पहिला. पातळी ४ वरून ५ झाली की तोच सामना जिंकायला जास्त डाव लागतात. संघाची बेरीज २३ च्या वर गेली तर एकत्र शिकलेल्या मित्रांना संघ फोडावा लागतो. दुसरा आक्षेप असा की, हँडिकॅपच्या सामन्यातून सर्वात चांगला खेळाडू कोण, हे कळत नाही. तो खराच आहे, म्हणून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हँडिकॅप नसतो. तेथे उत्तम कोण, एवढेच ठरवायचे असते. शनिवारच्या टेबलावर मात्र दोघांनाही पुढच्या शनिवारी यावेसे वाटले पाहिजे.

मित्रांमध्ये हे कसे वापरता येईल?

शेवटचे तीसएक डाव मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावेत. त्यातील वीस एकाने आणि दहा दुसऱ्याने जिंकले असतील, तर ७ विरुद्ध ४ पासून सुरुवात करावी. सवलत खेळ सुरू होण्याआधी ठरवावी. हरल्यावर किंवा मध्येच बदलू नये. काही सामन्यांनंतर एकच जण सतत जिंकत असेल, तर एक डाव इकडेतिकडे करावा. नवखा सुधारला की सवलत कमी होत जाते. ७ विरुद्ध ४ चे ७ विरुद्ध ५ झाले, तर त्याने सवलत गमावलेली नसते. त्याचा खेळ तेवढा वाढला, याची ती नोंद असते.