कोळशाने वाचलेली बोट

(लहान मुलांना आई-बाबांनी वाचून दाखवावे. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.)

मुलांनो, गेल्या महिन्यात शुक्रवारचा वर्ग सुटल्यावर आपण सगळे समुद्रावर गेलो होतो. लांबवर नांगरलेले तेलाचे टँकर मोजता मोजता तुमच्यापैकी एकीने विचारले, "बाई, इथून लढाईच्या बोटी पण जायच्या का?" मी "हो, जायच्या की!" असे म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र ते मनाला लागून राहिले. म्हणून या अंकात तुम्हाला एका खऱ्या लढाऊ बोटीची गोष्ट सांगते. तिचे नाव 'युरायलस'. १९१६ साली ती याच आखातात आली होती. का आली होती, ते वाचल्यावर तुम्हाला कळेल की या गोष्टीत आपली माणसेही आहेत.

चिलखत घातलेली बोट

शिवाजी महाराजांच्या काळातले योद्धे अंगात चिलखत घालत, हे तुम्हाला माहीत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रज बोटींनाही चिलखत घालत. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पातळीजवळ पोलादाचा जाड पट्टा बसवायचा, म्हणजे शत्रूचा गोळा आत घुसत नाही. अशा वेगवान बोटीला चिलखती क्रूझर म्हणत. 'युरायलस'चा पट्टा सहा इंच जाड होता. तुमची पट्टी घेऊन सहा इंच मोजून पाहा!

ही बोट इंग्लंडमधल्या बॅरो गावी व्हिकर्स कंपनीने बांधली. २० मे १९०१ रोजी ती पाण्यात उतरली आणि १९०४ च्या जानेवारीत पूर्ण तयार झाली. तिचे वजन १२,००० टन, लांबी सुमारे १४४ मीटर. पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोठ्या तोफा होत्या. त्यांचा एकेक गोळा सुमारे १७० किलोचा, म्हणजे तुमच्या वर्गातली सहा-सात मुले मिळून होतील तेवढा. शिवाय बारा मध्यम तोफा होत्या. बोटीवर साडेसातशेच्या आसपास माणसे राहत. तिच्यासारख्याच आणखी पाच बोटी होत्या : क्रेसी, अबूकीर, होग, बॅकँटी आणि सतलज. हो, आपली पंजाबातली सतलज! तिच्या काठी इंग्रजांनी शिखांशी लढाई केली होती, म्हणून बोटीला ते नाव दिले.

'युरायलस' आधी ऑस्ट्रेलियाच्या आरमाराची प्रमुख बोट होती. नंतर अमेरिकेच्या बाजूला शिकाऊ मुलांना घेऊन फिरली. पण बोटींचेही कपड्यांसारखे असते, फॅशन बदलते. १९०६ नंतर इंग्रजांनी इतक्या मोठ्या आणि वेगवान बोटी बांधल्या की पाच-सहा वर्षांची 'युरायलस' एकदम म्हातारी ठरली. १९०९ मध्ये तिला राखीव बोटींत टाकले.

दोन दिवसांचे अंतर

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि या म्हाताऱ्या बोटी पुन्हा बाहेर काढल्या. त्यांना हॉलंडच्या किनाऱ्यासमोर गस्त घालायला पाठवले. त्या हळूहळू, सरळ रेषेत येरझारा घालत. आरमारातलेच लोक त्यांना 'जिवंत आमिष' म्हणत. गळाला लावलेला किडा जसा माशाची वाट पाहतो, तशा!

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या बोटी कोळशावर चालत. 'युरायलस'मध्ये तीस बॉयलर होते. त्यांच्या भट्ट्यांत रात्रंदिवस फावड्याने कोळसा टाकावा लागे. पोटात १,६०० टन कोळसा मावत असे आणि तो संपला की बंदरात जावेच लागे. तिथे अधिकाऱ्यांसकट सगळे खलाशी कोळशाची पोती उचलत. बोट आणि माणसे काळीकुट्ट होत.

२० सप्टेंबर १९१४ रोजी 'युरायलस'चा कोळसा संपत आला होता. वादळाने तिच्या बिनतारी यंत्राचीही नासधूस केली होती. म्हणून ती बंदराकडे वळली. क्रेसी, अबूकीर आणि होग मागे राहिल्या. खवळलेल्या समुद्रामुळे त्यांच्याबरोबरच्या छोट्या संरक्षक बोटीही परत गेल्या होत्या.

२२ सप्टेंबरच्या सकाळी यू-९ नावाच्या एका लहानशा जर्मन पाणबुडीने अबूकीरवर पाणतीर सोडला. बाकीच्या दोघींना वाटले, पाण्यात सुरुंग असेल. त्या बुडणाऱ्यांना वाचवायला थांबल्या आणि थांबलेल्या बोटीवर नेम धरणे सोपे! दीड तासात तिन्ही बोटी तळाला गेल्या. १,४५९ माणसे मेली, ८३७ वाचली. त्यांत पंधरा वर्षांचा किट वायकेम-मस्ग्रेव्ह हा शिकाऊ मुलगा होता. अबूकीर बुडाल्यावर तो पोहत होगवर गेला, ती बुडाल्यावर क्रेसीवर, आणि तीही बुडाली तेव्हा एका फळकुटाला धरून तरंगत राहिला. तो वाचला.

'युरायलस' तिथे असती तर चौथी बोट तीच झाली असती. तिला तिच्या पोलादी पट्ट्याने वाचवले नाही, शत्रूवर रोखलेल्या तोफांनीही नाही. तिला रिकाम्या झालेल्या कोळशाच्या कोठारांनी वाचवले. आपण तेलाच्या गावात राहतो. बोटी कोळसा सोडून तेलावर का चालू लागल्या, याचे एक कारण तुम्हाला इथे दिसेल. तेल भरायला सोपे, फावडी मारायला नको आणि तेवढ्याच वजनात बोट जास्त लांब जाते.

गलीपलीचा किनारा

१९१५ मध्ये 'युरायलस' इजिप्तला आली. मार्चमध्ये तिने तुर्कस्तानातल्या स्मर्ना बंदरावर, म्हणजे आजच्या इझमीरवर, तोफा डागल्या. २५ एप्रिलच्या पहाटे ती गलीपलीच्या किनाऱ्यासमोर उभी होती. तिच्यावर लँकेशायर फ्युजिलिअर्स पलटणीचे शिपाई होते. युद्ध सुरू झाले तेव्हा ही पलटण कराचीला होती, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात मोडत असे. शिपाई बोटीवरून होड्यांत उतरले आणि किनाऱ्याकडे निघाले. पाण्यात काटेरी तारा होत्या आणि वर टेकडीवर तुर्की बंदुका. शेकडो शिपाई पडले, पण किनारा घेतला. त्या एका सकाळसाठी पलटणीला सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. 'युरायलस'वर तेव्हा रिअर अॅडमिरल वेमिस होते. हे नाव लक्षात ठेवा.

आपल्या आखातात

१९१६ च्या जानेवारीत वेमिस 'ईस्ट इंडीज' आरमाराचे प्रमुख झाले आणि 'युरायलस' त्यांची निशाणाची बोट झाली. या आरमाराकडे हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि आपले हे आखात, असा सारा टापू होता.

तेव्हा रास तनुरा कसे होते, ठाऊक आहे? रिफायनरी नव्हती, कॅम्प नव्हता, टँकर नव्हते. तेलाचा पहिला टँकर इथून १ मे १९३९ रोजी भरला गेला. १९१६ मध्ये इथे वाळूची जीभ आणि कोळ्यांच्या होड्या होत्या. मोठे राजकारण मात्र शेजारीच चालले होते. आपल्या जवळच्या तारूत बेटावर दारीन गाव आहे, तुमच्यापैकी काहीजण सहलीला गेला असाल. तिथे २६ डिसेंबर १९१५ रोजी अब्दुलअझीझ इब्न सौद आणि इंग्रजांचे पर्सी कॉक्स यांनी तह केला होता.

त्याच डिसेंबरात, आखाताच्या वरच्या टोकाच्याही पलीकडे, इराकमधल्या कूत गावात इंग्रजांच्या फौजेला तुर्कांनी वेढा घातला. या फौजेत बहुतेक शिपाई हिंदुस्थानातले होते आणि त्यांत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची मुले टायग्रिस नदीच्या एका वळणात अडकून पडली होती.

वेढा लांबला तसे धान्य संपू लागले. घोडे कापून खाण्याची वेळ आली. आपल्या शिपायांनी ते मांस खायला कित्येक आठवडे नकार दिला, तेव्हा हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, पण एवढ्या माणसांना ते किती पुरणार? वेढा फोडायला गेलेल्या फौजेतली सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली.

अशा वेळी १९१६ च्या वसंतात 'युरायलस' वेमिसना घेऊन आखातात आली. तुम्ही म्हणाल, आता मोठ्या तोफा धडाडल्या असतील! नाही. 'युरायलस' पाण्यात सुमारे आठ मीटर खोल बुडत असे. शत्-अल-अरब नदीच्या तोंडाशीच गाळाचा उथळ उंबरा आहे. कूत तर त्याच्याही पुढे, नदीच्या वाटेने शेकडो किलोमीटर आत. एवढी मोठी बोट, एवढ्या मोठ्या तोफा, पण भुकेल्या माणसांपर्यंत ती जाऊ शकत नव्हती. हत्तीला विहिरीत पडलेल्या पिल्लाजवळ जाता येऊ नये, तशी तिची गत झाली.

मग एक नदीतली साधी आगबोट निवडली. तिचे नाव 'जुलनार'. तिच्यावर २७० टन अन्न आणि सामान भरले. वाचण्याची आशा फार कमी होती, हे वेमिसना आणि सगळ्यांनाच माहीत होते. बोटीवर स्वतःहून पुढे आलेलीच माणसे घेतली. लेफ्टनंट फर्मन बोटीचे प्रमुख होते. वाट दाखवायला बगदादला जन्मलेले आणि टायग्रिसवर आयुष्य काढलेले चार्ल्स काउली होते. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' अंधारात निघाली. तुर्कांनी नदीत आडवे दोर ताणून ठेवले होते. बोट त्यांत अडकली आणि पकडली गेली. फर्मन आणि काउली दोघेही परत आले नाहीत. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

२९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, कूत पडले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून पायी चालवत नेले. हजारो कैदी वाटेत किंवा छावण्यांत मेले. घरी मात्र आया पोस्टमनची वाट पाहत राहिल्या.

तांबड्या समुद्रात

दोन महिन्यांच्या आत सौदी अरेबियाच्या दुसऱ्या टोकाला मोठी घडामोड झाली. जून १९१६ मध्ये मक्केच्या शरीफांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला. वेमिस यांनी त्यांना समुद्रावरून मदत पाठवली. जेद्दा, राबिघ, यंबू या बंदरांत अन्न, बंदुका आणि पैसे पोचले. टी. ई. लॉरेन्स हे प्रसिद्ध इंग्रज अधिकारी नोव्हेंबर १९१६ मध्ये जेद्दाहून सुदानला गेले ते 'युरायलस'वरूनच.

या कामात आणखी एक बोट होती, 'हार्डिंज'. ती मुंबईच्या रॉयल इंडियन मरीनची. पुढे याच मरीनचे भारतीय नौदल झाले. या मरीनमध्ये खलाशी पुष्कळसे रत्नागिरी जिल्ह्यातले, विशेषतः कोकणी मुसलमान असत. १९१५ च्या फेब्रुवारीत सुएझ कालव्यात 'हार्डिंज'ला तुर्की गोळे लागले होते. तरी दुरुस्त होऊन ती १९१६ मध्ये जेद्दाच्या लढाईत होती, आणि १९१७ च्या जानेवारीत अरब शिपायांना घेऊन वेज्ह बंदरावर गेली. आपण आज सौदीत कामाला आलो आहोत, पण कोकणातली माणसे आपल्या कितीतरी आधी इथल्या किनाऱ्यांवर येऊन गेली होती.

बोट संपली, गोष्ट उरली

१९१७ मध्ये वेमिस इंग्लंडला परतले आणि पुढे साऱ्या ब्रिटिश आरमाराचे प्रमुख झाले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीचा करार झाला, त्यावर त्यांची सही आहे. 'युरायलस' हाँगकाँगला गेली. तिला सुरुंग पेरणारी बोट करायचे ठरले, पण काम पुरे होण्याआधीच युद्ध संपले. १ जुलै १९२० रोजी तिला भंगारात विकले.

आरमाराच्या पुस्तकांत 'युरायलस'च्या लढाया मिळतात. कूतचा उल्लेख फार तर एका ओळीत, कारण तिथे तिने काहीच केले नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी घरांत तीच एक ओळ म्हणजे सगळी गोष्ट होती. बळ किती आहे यापेक्षा ते गरजेच्या जागी पोचते का, हे महत्त्वाचे असते. मोठी बोट पोचली नाही. छोटी 'जुलनार' पोचायला निघाली तरी.

पुढच्या वेळी किनाऱ्यावर टँकर मोजाल तेव्हा उत्तरेकडे तोंड करून क्षणभर उभे राहा. याच पाण्याच्या वरच्या टोकाला आपली माणसे मदतीच्या बोटीची वाट पाहत होती.

शब्दार्थ
आमिष – पकडण्यासाठी लावलेले खाणे
पाणतीर – पाण्यातून सुटणारा स्फोटक बाण
निशाणाची बोट – जिच्यावर आरमारप्रमुख राहतो व त्याचे निशाण फडकते ती बोट
वेढा – चारही बाजूंनी अडवणे
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेले

विचार करा
१. 'युरायलस' २२ सप्टेंबरला का वाचली?
२. 'युरायलस' कूतला का जाऊ शकली नाही?
३. तुम्ही 'जुलनार'वर स्वतःहून गेला असता का? पाच ओळी लिहा. "नाही" असे उत्तरही चालेल, पण कारण द्या.

सुट्टीतला उद्योग (आई-बाबांसह)
सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जण कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात आहे. सातारा-कोकणातल्या अनेक गावांत, देवळापाशी किंवा चावडीच्या भिंतीत, एक दगडी पाटी असते. गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धावर किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. सुट्टीत गावी गेलात की अशी पाटी शोधा. आकडे वहीत उतरवून घ्या आणि आजी-आजोबांना विचारा, त्यांतले कोणी आपले होते का? जे सापडेल ते पुढच्या अंकात छापू.