समजून घ्या : रंगीत फोटो 'करडा' करताना कोडचा वेळ कुठे जातो?

मोबाइलवर कागद स्कॅन केला, की बरीच ॲप्स आधी त्यातले रंग काढून टाकतात. अक्षरं ओळखायला करड्या छटा पुरतात. काम वरवर सोपं आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ दरम्यानचे तीन आकडे असतात. त्यांची बेरीज करा, तीनने भागा, झालं!

इथेच गडबड होते. लाल शिक्क्यावर निळ्या शाईने सही केलेला कागद डोळ्यासमोर आणा. शुद्ध लालची सरासरी ८५, शुद्ध निळ्याचीही ८५. म्हणजे सही शिक्क्यात गायब. प्रत्यक्षातली शाई इतकी शुद्ध नसते, पण धोका हाच.

मग बरोबर सूत्र कोणतं?

आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ दिसतो, निळा सर्वांत मंद. म्हणून लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४ असं वजन देतात. आता लाल ७६ वर येतो आणि निळा २९ वर. सही दिसते.

ही वजनं रंगीत टीव्हीच्या काळातली. भारतात १९८२मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, तरी घरातले कृष्णधवल संच चालूच राहिले. कारण प्रक्षेपणात उजळपणाचा सिग्नल वेगळा असायचा आणि जुना संच तेवढाच दाखवायचा.

वेग कसा वाढतो?

१२ मेगापिक्सेल फोटोत सुमारे १ कोटी २० लाख पिक्सेल. प्रत्येकी तीन, म्हणजे ३ कोटी ६० लाख दशांश गुणाकार. ते टाळायला वजनं २५६ ने गुणून पूर्णांक करतात: ७७, १५० आणि २९. बेरीज बरोबर २५६, त्यामुळे पांढरा पांढराच राहतो. शेवटी २५६ ने भागायचं, तर बिट आठ घरं उजवीकडे सरकवले की काम होतं.

एक मात्र सांभाळायचं. मधली बेरीज ६५,२८० पर्यंत जाते. ती ८ बिटमध्ये मावत नाही, १६ बिटमध्ये जेमतेम मावते. हे विसरलं की फोटोवर विचित्र डाग उमटतात, आणि चूक शोधताना संध्याकाळ जाते. १६ बिटचा फायदाही आहे: मोबाइल प्रोसेसरच्या १२८ बिटच्या रजिस्टरमध्ये असे आठ आकडे एकदम बसतात, म्हणजे आठ पिक्सेलचा हिशेब एका दमात. शिवाय फोटो मेमरीत ओळीने साठवलेला असतो. लूप उभ्या रांगांनी फिरवला, तर प्रोसेसर डेटाची वाट बघत बसतो.

गुणाकारच टाळता येतो का?

कॅमेऱ्याच्या बाबतीत, हो. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याची फ्रेम सहसा वाययूव्ही स्वरूपात मिळते. त्यातला 'वाय' म्हणजे तोच टीव्हीवाला उजळपणा, आयता करडा फोटो. तरीही काही कोड आधी त्याचा रंगीत फोटो बनवतात आणि मग त्यातले रंग काढत बसतात.