मुके दुखणे आणि शिकलेले यंत्र

बैलबाजारात जाणता शेतकरी बैल कसा पारखतो? दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. ही पारख त्याला शेकडो बैल पाहून आलेली असते. आता संगणक नावाचे यंत्रही पारख शिकले आहे. बैलांची नव्हे, मूत्रपिंडाच्या दुखण्याची!

आपल्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्त गाळतात आणि घाण लघवीवाटे बाहेर टाकतात. मधुमेहाने आणि वाढलेल्या रक्तदाबाने ती हळूहळू बिघडतात. पण हे दुखणे मुके आहे. सुरुवातीला ना दुखते, ना खुपते. कळते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

या दुखण्याच्या पाच पायऱ्या आहेत. रक्तात क्रिएटिनिन नावाची घाण किती साठली, ते तपासतात. त्यावरून मूत्रपिंडे किती गाळतात, याचा आकडा काढतात. पहिल्या दोन पायऱ्यांत आकडा चांगला असतो, पण लघवीत दोष दिसतो. आकडा तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर तिसरी पायरी. ३० च्या खाली चौथी. १५ च्या खाली पाचवी, म्हणजे शेवटची.

मग यंत्र शिकले कसे? तमिळनाडूत कारैकुडी येथील एका रुग्णालयातील ४०० माणसांच्या नोंदी २०१५ साली अभ्यासकांना मिळाल्या. २५० जणांना हे दुखणे होते, १५० जणांना नव्हते. प्रत्येकाच्या २४ गोष्टी टिपल्या होत्या. रक्तदाब, रक्तातली साखर, भूक, पायांची सूज, अशा. काही नोंदी यंत्राला उत्तरासकट दाखवल्या. बाकीच्यांची उत्तरे झाकून परीक्षा घेतली. यंत्राने बहुतेक उत्तरे बरोबर दिली.

मग सारा भार यंत्रावर टाकावा काय? छे! ४०० माणसे म्हणजे थोडीच, आणि तीही एका ठिकाणची. कित्येक नोंदी अपुऱ्या होत्या. यंत्र बोट दाखवील. निदान डॉक्टरांनीच करायचे.

आणि आपण काय करायचे? मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा तरी रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. तपासणीचा कागद जपून ठेवावा. आता आपल्याला वाचता येते ना? मग क्रिएटिनिनचा आकडा स्वतः वाचावा. मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावा. वाढला असेल तर डॉक्टरांना विचारावे. जे रक्त तपासलेच नाही, त्याबद्दल शहाणे यंत्र तरी काय सांगणार?