रानकोंबडा टिकतो कशावर?

मंडळी, सह्याद्रीत पहाटे जी तुटक, भसाडी बांग ऐकू येते, ती करड्या रानकोंबड्याची. हा फक्त भारतातलाच पक्षी. आपल्या कोंबडीच्या पायांचा पिवळेपणा याच्याकडून आलाय, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासात दिसलं.

मग तो कमी कशामुळे होतो? एकेकाळी त्याच्या मानेची ठिपकेदार पिसं मासे पकडायच्या गळांसाठी परदेशात जात. निर्यातबंदीनंतर तो धोका ओसरला. १९७२ च्या कायद्याने शिकारीलाही बंदी आहे. तरी चोरून फासे लागतातच.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते घरटं. मादी जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला चार-सहा अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे उबवते. हा काळ मुख्यतः फेब्रुवारी ते मे. नेमके तेव्हाच आपल्याकडे वणवे लागतात. मोठा पक्षी उडून जाईल हो, अंडी कुठे जाणार? वाचली, तरी आडोसा जळालेला. मुंगसाला, कुत्र्याला ती आयतीच सापडतात.

म्हणून जाळरेषा उन्हाळ्याआधीच काढायला हव्यात. आणि राब भाजताना आग रानात शिरणार नाही, एवढं आपणही बघायला हवं.