अनुक्रमणिका चुकू नये म्हणून

छापखान्यातला जुळारी अनुक्रमणिका सर्वांत शेवटी जुळवी. पाने ठरल्याशिवाय पृष्ठांक कळणार कसे? संगणकावरच्या लॅटेकचीही तीच अडचण. पहिल्या फेरीत ते पृष्ठांक टिपते, दुसरीत छापते. कधी तिसरीही फेरी लागते. एक फेरी राहिली, की स्मरणिकेत पोराची कविता भलत्याच पानावर! या फेऱ्या ‘लॅटेकएमके’ आपणहून घालते.

ही आज्ञावली पर्ल भाषेत आहे. मूळ लेखनच चालते, वेगळे रूपांतर नको. लिनक्सवर आधी पर्ल आहे ना, ते पाहा. मग गठ्ठा सोडवा, सोबतची सूचना वाचा. मुख्य फाइलला चालवण्याची परवानगी द्या आणि संगणक जिथे आज्ञा शोधतो, त्या फोल्डरात ती ठेवा. आता दोन प्रकरणांचा छोटा मजकूर चालवून अनुक्रमणिका ताडून बघा. जुळली? मग खुशाल स्मरणिका हाती घ्या.