लाइट गेली, मग फॉर्मचं काय झालं?

एक्झाम फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा, आणि 'सबमिट' दाबल्या दाबल्या लाइट गुल! पैसे कट झाले का? फॉर्म गेला का? पुन्हा भरू की थांबू? आपण इथे डोकं धरून बसतो, तेव्हा तिकडे सर्व्हरवर काय चाललेलं असतं ते बघू या. फायनल इयरला वेबसाइटचा प्रोजेक्ट घेणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिली गंमत म्हणजे, आपण गेलोय हे सर्व्हरला बऱ्याचदा कळतच नाही! टॅब नीट बंद केली तर कनेक्शन संपल्याचा निरोप तिकडे जातो. पण राउटरच बंद पडला तर निरोप देणार कोण? सर्व्हर बिचारा वाट बघत बसतो. लिनक्सवर टीसीपी कीप-अलाइव्ह चालू केलं, तरी डिफॉल्ट सेटिंगमध्ये शांत पडलेल्या कनेक्शनची पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी होते. म्हणजे चक्क दोन तासांनी!

निरोप पोचला तरी घोळ आहेच. पीएचपीला युजर गेल्याचा पत्ता लागतो तो ब्राउजरकडे आउटपुट पाठवायला जाताना, आणि लागला की स्क्रिप्ट तिथल्या तिथे बंद. समजा फीची एन्ट्री झाली, मग स्क्रिप्ट 'प्लीज वेट' छापायला गेली आणि मेली. पावती राहिली, हॉल तिकीट राहिलं. यावर 'इग्नोर युजर अबॉर्ट' नावाचं फंक्शन आहे. ते ट्रू केलं की युजर गेला तरी स्क्रिप्ट चालू राहते. छोट्या कामाला ठीक आहे, पण मध्येच सर्व्हर रीस्टार्ट झाला तर? राहिलेलं काम कुठे लिहूनच ठेवलेलं नसतं, गेलं ते गेलं.

म्हणून क्यू. लाँड्रीत कपडे दिले की इस्त्री होईपर्यंत आपण समोर उभं राहत नाही, पावती घेऊन निघतो. तसंच इथे. सर्व्हरने काम डेटाबेसमध्ये लिहायचं, फीच्या एन्ट्रीसोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (हे महत्त्वाचं, बरं का!), आणि लगेच '२०२ अ‍ॅक्सेप्टेड' हा रिप्लाय आणि जॉब नंबर द्यायचा. पुढचं काम वर्कर नावाचा वेगळा प्रोसेस करतो. त्याचा ब्राउजरशी संबंधच नाही, त्यामुळे लाइट गेली काय, आली काय! फक्त रिझल्ट सेशनमध्ये ठेवू नका, लॉगिनच्या नावावर ठेवा. पीएचपीचं सेशन डिफॉल्टने १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं पडून राहिलं की साफ होऊ शकतं, आणि आपल्याकडे लाइट त्याहून जास्त वेळ जाते.

आता वर्करच मेला तर? रॅबिटएमक्यूमध्ये काम झाल्याची पोच वर्करने दिली नाही आणि त्याचं कनेक्शन तुटलं, तर ते काम परत रांगेत येतं. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये उचललेलं काम डिफॉल्टने ३० सेकंद इतरांपासून लपवलेलं असतं. तेवढ्यात ते संपवून डिलीट केलं नाही तर दुसरा वर्कर तेच उचलतो. पहिला जिवंत असेल, नुसता स्लो असेल, तरीही! म्हणजे एकच काम दोनदा होणार हे धरूनच चालायचं. सीट नंबर आणि सेमिस्टर मिळून युनिक की बनवा, दुसऱ्यांदा एन्ट्री करायला गेलं की डेटाबेसच नाही म्हणेल. असं केलेलं असेल तर घाबरून पुन्हा 'सबमिट' दाबणाऱ्याची फीसुद्धा दोनदा नोंदली जात नाही. माझ्या मते 'बॅक बटन दाबू नका' असं लाल अक्षरात लिहिण्यापेक्षा हे बरं.

अर्थात प्रत्येक काम शेवटपर्यंत नेलंच पाहिजे असं नाही. कोणी पाच वर्षांचा मोठा रिपोर्ट मागितला आणि कंटाळून निघून गेला, तर तो बनवण्यात सर्व्हर कशाला दमवायचा? तिथे जॉबच्या रेकॉर्डमध्ये 'कॅन्सल' अशी खूण ठेवतात आणि वर्कर थोडं थोडं काम झालं की ती बघतो. फी घेतलेल्या कामाला मात्र ही खूण नुसता युजर गेला म्हणून लावायची नाही.