घरबसल्या संशोधनाची उमेदवारी

अनुभवी शास्त्रज्ञाच्या हाताखाली ठरावीक काळ काम करून संशोधनाची पद्धत आत्मसात करणे, यास विद्यापीठीय भाषेत संशोधन-आंतरवासिता म्हणतात. सोनाराच्या दुकानी नवशिक्याने करावयाच्या उमेदवारीसारखाच हा प्रकार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ६० ते १२० तासांच्या आंतरवासितेची तरतूद असून तिला २ ते ४ श्रेयांक आहेत.

अशा उमेदवारीसाठी पूर्वी पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद गाठणे भागच असे. प्रवास व खोलीभाड्याच्या खर्चामुळे, तसेच मुलीस परगावी पाठविण्याच्या संकोचामुळे ग्रामीण भागातील हुशार विद्यार्थ्यांची संधी हुकत असे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे संस्थांची दारे बंद झाली, तेव्हा अनेक मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांकडून संगणकाद्वारे घरूनच काम करून घेतले. साथ ओसरली, परंतु ही वाट बुजली नाही.

घरी राहून संशोधन कसे होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आंतरराष्ट्रीय 'आर्गो' योजनेत जगातील महासागरांत हजारो स्वयंचलित तरंगती उपकरणे सोडलेली आहेत. असे उपकरण साधारणतः दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून वर येताना पाण्याचे तापमान व क्षारता मोजते आणि ती माहिती उपग्रहामार्फत पाठविते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या कार्यात सहभागी आहे. ही माहिती सर्वांस विनामूल्य उपलब्ध असल्याने, पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्र किती तापतो, याचा अभ्यास काणकोण अथवा सत्तरीतील विद्यार्थीही करू शकतो.

अर्थात, या पद्धतीस मर्यादा आहेत. रसायनांची हाताळणी किंवा सूक्ष्मदर्शकाखालील काम प्रयोगशाळेतच शिकावे लागते. म्हणून घरून काम करणाऱ्याने गणन, संख्याशास्त्र, नकाशे वा ग्रंथाभ्यास यांवर आधारलेला विषय निवडावा. कामाची दैनंदिन नोंदवही ठेवावी, मार्गदर्शकांशी आठवड्यातून एकदा तरी बोलावे आणि वापरलेल्या माहितीचा उगम अहवालात नमूद करावा. केवळ प्रमाणपत्रासाठी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे. मार्गदर्शक कोणत्या संस्थेत आहेत व प्रत्यक्ष काम कोणते, याची शिक्षकांनी आधी खातरजमा करून द्यावी.

घरच्या माणसांचे सहकार्यही तितकेच आवश्यक आहे. उन्हाळी सुट्टीतील काम लांबले की नेमकी भातलावणी येते. मुलगी घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असे समजून तिला शेतात वा चुलीपाशी वारंवार बोलाविले, तर काम तडीस जाणार नाही. तिचे तास ठरवून द्यावेत व ते पाळावेत. पावसात वीज आणि संपर्क खंडित होतो; अशा वेळी ग्रामपंचायत, शाळा किंवा वाचनालय यांनी आपल्याकडील जोडणी व एक टेबल उपलब्ध करून दिल्यास मोठे साहाय्य होईल. गावाची एवढी साथ लाभली, तर खर्चापायी अडलेली उमेदवारी घरच्या ओसरीवरही पुरी होऊ शकेल.